बारा तासांच्या आत

पहाटे चारला तुझ्लाहून निघालो.
सेनाद गाडी चालवतोय, मागे मी आणि हसिया,
मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेला बुरेक.
हीटर बिघडलेला. काचेवरची वाफ
हसिया स्वतःच्या मफलरने पुसते.

नियम एवढाच: बारा तासांच्या आत परतलं
तर नाकात काडी नाही.
उशीर झाला तर चाचणी, आणि चाचणीचे पैसे म्हणजे
माझी अर्धी पेन्शन.
सेनादने स्वयंपाकघरातलं घड्याळ आणलंय,
अंडी उकडताना लावतात ते.
साठ मिनिटांपुढे ते जात नाही,
म्हणून दर तासाला तो ते पुन्हा पिळतो.

आमच्याकडे लस येणार आहे.
जानेवारीत येणार होती,
मग बर्फ वितळल्यावर.
देशाला अध्यक्ष तीन,
आमच्या दवाखान्यात कुपी एकही नाही.

झ्वोर्निक आलं तसा
सेनादने वेग वाढवला, मला न विचारता.
इथे माझं घर होतं.

मग पूल.
एकतीस वर्षं मी मुलांना ही नदी शिकवली,
उगम, लांबी, डावीकडच्या उपनद्या.
नकाशे बदलले, फळ्यावर मी ती
त्याच निळ्या खडूने काढत राहिले.

चौकीवरचा पोरगा, गालावर मुरूम.
"प्रवासाचं कारण?"
"लस."
त्याने शिक्का मारला.
मागच्या वेळी आम्हाला कुणी
कारण विचारलं नव्हतं.

बेलग्रेडचा तो प्रचंड हॉल,
एरवी इथे ट्रॅक्टर मांडतात.
रांगेत मॅसिडोनियाचे, माँटेनेग्रोचे,
कुणी रात्रभर बसून आलेले, कुणी नवरानवरी भांडत.
नर्स म्हणाली, "तीन आहेत, कुठली देऊ?"
जणू आइस्क्रीम.
वर्षभर जी मिळेना
तिच्यात निवड करायची, हे मला सुचेचना.
"तुमच्या आईला कुठली दिलीत?"
"चिनी."
"तीच द्या."

तिने पासपोर्ट उघडला. माझं नाव मोठ्याने वाचलं,
नेवझेता,
अगदी बरोबर, जिथे जोर द्यायचा तिथे देऊन.
इकडे नाव वाचलं की सगळंच वाचून होतं.
मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

"दंड सैल सोडा," ती म्हणाली.

परतताना हसिया झोपली, तोंड उघडं.
अकरा तास चाळीस मिनिटं.
अंड्यांचं घड्याळ पुलावरच वाजलं
आणि आम्ही तिघं दचकलो.

इब्रो आला नव्हता.
"त्या शहरातलं काही माझ्या अंगात जाणार नाही."
त्याच्या भावाबद्दल मी इथे लिहीत नाही.
रात्री त्याने फक्त विचारलं, दुखतंय का.
आणि माझ्या उजवीकडे येऊन झोपला,
अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी परत बर्फ पडला.
खुर्चीच्या पाठीवर त्याचा चौकड्यांचा शर्ट दिसला,
अर्ध्या बाह्यांचा, उन्हाळ्यातला,
स्वतः इस्त्री केलेला, कॉलर चुकलेली.

मी काही बोलले नाही.
स्वयंपाकघरात जाऊन सेनादला फोन लावला:
पुढच्या खेपेला
मागे तिघं बसू ना?