काळ्यावर पांढरं

दाखव. खिडकीपाशी आण, या दिव्यात मला दिसत नाही.
हो, पान माझंच.
सही शोधू नकोस, मुली, सही नसायचीच.
हात शोध.
टायपिस्ट पोरीचा डावा हात बघ, करंगळी वाकडी.
ही बघ माझी.
आरशासमोर फुकटात दुसरं कोण बसणार होतं?

एजन्सी ग्रासियात, तिसऱ्या मजल्यावर.
खाली कोळशाची वखार.
आम्ही सहाजणी. संध्याकाळपर्यंत बोटांवर
शाई कुठली अन् कोळसा कुठला, कळेनासं व्हायचं.
पानं लंडनला जायची:
डॉक्टर, धुकं, दोनमजली बस, शेवटच्या चौकटीत मिठी.
लंडन कुणी पाहिलं होतं!
बस एकच होती आमच्याकडे, कॅलेंडरावरची, नंबर अकरा.
सहा वर्षं साऱ्या नायिका त्याच बसमध्ये प्रेमात पडल्या
आणि त्याच बसखाली येता येता वाचल्या.

शेजारच्या टेबलावर रेमेई.
फुग्यांतली अक्षरं तिची.
म्हणजे बघ, जगातल्या सगळ्या पुरुषांचे कबुलीजबाब
तिच्या वळणदार हातातून यायचे,
आणि बाई स्वतः दिवसभरात चार शब्द बोलायची नाही.

मग पान फिरून यायचं, आपल्या इथल्या अंकासाठी.
सोबत माद्रिदची चिठ्ठी, निळ्या पेन्सिलीत:
चौकट पाच. ओठांत बोटभर अंतर ठेवावे.
कुणाचं बोट, ते लिहिलेलं नसे.
सेन्योर पुजादेस मलाच हाक मारायचे.
माझा हात हलका,
शिवाय नाव नेउस. आमच्यात नेउस म्हणजे हिमवर्षाव.
म्हणायचे, चल बाई,
जरा बर्फ पाड.

पांढऱ्या रंगाची बाटली उघडायची मी.
लोक पांढऱ्यावर काळं करून पोट भरतात,
मी काळ्यावर पांढरं करून भरलं.
दोन रात्री जागून काढलेलं चुंबन,
हनुवटीची ती एवढीशी चढण,
सातव्यांदा जमलेली,
तिच्या मधोमध आपणच भिंत घालायची,
आणि नवे ओठ काढायचे, थोडे मागे सरकलेले,
काहीतरी बोलता बोलता विसरल्यासारखे.
काढण्यापेक्षा मिटवण्याचे पैसे जास्त होते.
त्यातून आईचे दात बसवले.

रेमेई? सारागोसाला दिली तिला.
एक पत्र आलं होतं.
अक्षर अगदी फुग्यातलं, मजकूर हवापाण्याचा.

किती पडले म्हणालीस, तीनशे युरो?
आणि लिलाववाल्यांनी खाली काय छापलंय,
कलाकार अज्ञात.
असू दे. कडेला धर, मध्ये बोट लावू नकोस.
बघ ना, पांढरा रंग खपल्या धरून गळलाय.
स्वस्तातला आणायचे पुजादेस, चिकट माणूस.
साठ वर्षांत भिंत आपसूक पडली
आणि दोघं होती तिथेच आहेत,
श्वाससुद्धा न घेता.

आता ते भिंग घे.
डॉक्टरच्या कानाची पाळी बघ.
ठिपका दिसला? डाग नव्हे तो.
कान टोचलेला आहे.
डॉक्टर म्हणून रेमेई उभी राहायची,
भावाचा कोट घालून, केस टोपीत कोंबून.
समोर जे होतं ते मी काढलं.
माद्रिदवाले ओठच मोजत बसले.