दात मोजून

पहिलं प्लॅस्टिकचं होतं, निळं.
ओवळ्याच्या नाक्यावरून आणलेलं, दीडशेला.
तिसऱ्या महिन्यात त्याचे दोन दात
कुरणातल्या दगडाला अडकून राहिले.
शहनाईने ते हुंगले,
गाजर नाही याची खात्री केली
आणि पुढे गेली.

दुसरं लोखंडी, गोठ्यातलं. चारच दात, लांब लांब.
शेण वेगळं आणि लीद वेगळी, हे विकणाऱ्याला कोण सांगणार?
शेणाचा पो पडला तिथेच बसतो.
लीद घरंगळते.
लिंबाएवढे गोळे, उन्हात वाळले की गवताच्याच रंगाचे,
उचलले की फटीतून खाली,
परत उचलले की परत खाली,
आणि मी वाकलेली ती वाकलेलीच.
घोडं पेंड खात होतं ते तिथे, त्या फटीत.

मग पास्कलकाका म्हणाले,
"या वेळी पैशाकडे बघू नकोस. टिकणारं आण.
ठाण्याच्या बाजारात जा, मुस्तन्सीरभाईकडे."

त्याने चष्मा कपाळावर ढकलला.
किती घोडे? तीन.
जमीन? चार महिने चिखल, मग नुसता खडा.
उचलतं कोण?
मी.
त्याने माझं मनगट पाहिलं, दाराशी ठेवलेलं जड दाताळं पायाने सरकवलं
आणि माळ्यावरून दुसरं उतरवलं.

मी दात मोजले. अठरा.
शहनाईला आणलं त्या दिवशी काकांनी
तिचा ओठ अंगठ्याने असाच वर केला होता.
मालक म्हणत होता बारा,
दात म्हणत होते सोळा.
शेकडो नवरदेव पाठीवरून उतरवून आलेली घोडी,
बँडचा ढोल अजून कानात बसलेली.
तरी घेतली.

एकेका दाताला मी नखाने टिचकी मारली.
सतरा एका सुरात बोलले, एक बद्द.
"याचा डाख कच्चा आहे."
मुस्तन्सीरभाईने तो दात कानाशी धरला,
टिचकी मारली, परत मारली,
आणि काही न बोलता दुसरं काढून दिलं.
"दहा वर्षं हलणार नाही," एवढंच म्हणाला, बिल करताना.

दांडा मी घेतला नाही.
त्याच्याकडे होता तो पत्र्याचा पोकळ,
दुपारी हाताला चटका देणारा.
घरी बाबाच्या कावडीची काठी होती, धामणाच्या लाकडाची,
खांद्याने घासून मधोमध गुळगुळीत झालेली.
त्या काठीवर गवताचे भारे लादून बाबा येऊरचा डोंगर उतरायचा,
स्टेशनजवळच्या टांग्यांच्या घोड्यांसाठी.
बाबा घोड्याच्या तोंडाशी,
मी शेपटीशी.
काम आमच्या घरात तेच आहे, फक्त मागे सरकलंय.

काठी तासून बसवली. खिळा तापवून टोकाला
बाबाचं नाही, माझं अक्षर डागलं.

आता बसमध्ये न केलेला हिशेब.
शहनाई बावीसची.
काकांचे गुडघे गेलेले.
कुरणाच्या कडेने कुणीतरी चुना टाकून गेलंय,
लाल टोकाचे खुंटे ठोकून गेलंय,
खुंट्यापलीकडे तेवीस मजले, आणि चढतायत.
दहा वर्षांचं दाताळं घेऊन
मी नक्की कुठे उभी राहणार आहे?

कुणाला विचारलं नाही.
खुंट्याभोवतीची लीद पण रोज उचलते,
खुंटा सरकारी असो नाहीतर बिल्डरचा,
त्याच्या बुडाशी माश्या झाल्या तर घोड्यांनाच चावतात.

काल घमेलं रिकामं करायला गेले,
दाताळं कुंपणाला टेकवून.
परत आले तर शहनाई त्याला पुठ्ठा घासत होती,
डोळे मिटून, सगळं वजन टाकून.
याच खाजेने तिने आतापर्यंत तीन खुंटे मोडलेत.

मी ओरडणार होते.
काठी वाकली, कण्हली, आणखी वाकली.
घोडी बाजूला झाली.
काठी सरळ झाली.