पश्चिमेची खिडकी

दुपारी तीननंतर आमच्या घरात
बातम्या सांगणाऱ्या बाईला तोंड नसायचं.
नुसता आवाज. तोंडाच्या जागी
सुवर्णदुर्गाचा एक बुरूज, थोडं पाणी,
आणि दांडीवर वाळणारा माझाच गाऊन.

खिडकी आम्ही हौसेने केली, सहा फुटी,
दोन मोसम पापलेट बरं लागलं तेव्हा.
गवंडी म्हणाला, वहिनी, ऊन येईल.
येऊ दे म्हटलं. बंदर दिसेल.

मग गणपतीआधी टीव्हीच्या पोटात खारं गेलं.
मेकॅनिकने मागचं झाकण काढून दाखवलं,
तांब्यावर हिरवं धरलेलं, इंजिनात धरतं तसं.
खाऱ्या हवेला गॅरंटी नाही, म्हणाला.

जनूने जाळ्याचा दोरा घेऊन भिंत मोजली,
दोन गाठी मारल्या, दोरा खिशात,
आणि आम्ही तिघं दापोलीला, जालगावकरांकडे.
दुकानातला मुलगा दोरा बघून हसला नाही,
एवढ्यावरच मला तो आवडला.
काका, टीव्ही तिरका मोजतात,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
मासा कोण तिरका मोजतो, जनू पुटपुटला.

आत काळोख, थंडगार एसी,
आणि भिंतभर टीव्हींवर एकच पोपट,
इतका हिरवा की राग यावा.
इथे सगळेच छान दिसणार, मी म्हटलं,
लग्नात दिसतात तसे.
एखादा उन्हात नेऊन दाखवा.
मुलाने मालकांकडे बघितलं.
मालकांनी छताकडे.

तेवढ्यात निधीने मोबाईलची बॅटरी लावली
आणि एकेका काचेवर मारत निघाली,
डॉक्टर घशात बघतात तशी.
इथे टोचतंय. इथे पण. इथे तर मीच दिसतेय.
एका ठिकाणी उजेड नुसता पसरला, मऊ झाला,
दुधावर साय यावी तसा.
हा, ती म्हणाली.

याच्यात काळा तेवढा काळा येत नाही हं,
मुलाने खरं ते सांगितलं,
रात्रीच्या पिक्चरला शेजारचा बघा.
जनू म्हणाला, रात्री मी समुद्रात असतो.
काळोख तिकडे भरपूर आहे.

त्यापेक्षा जाड पडदे लावा, मालक म्हणाले,
मग कुठलाही स्वस्तातला चालेल.
नको, आम्ही दोघं एकदम बोललो,
इतक्या मोठ्याने
की फ्रिज बघणारं जोडपं वळलं.

पहिल्या दिवशी तीन वाजता सगळे बसून राहिलो,
उन्हाची वाट बघत, पाहुणा यायचा असल्यासारखे.
ऊन आलं. बाईला तोंड होतं.
कपाळावर टिकलीसुद्धा!

आठवड्याने जनू बोट घेऊन गेला.
चौथ्या दिवशी दुपारी कबड्डी लागलेली,
आणि आबा सारखे विचारायला लागले,
बोट कशी दिसत नाही?
मी म्हटलं, टीव्हीत कशी दिसेल?
तेव्हा ते माझ्याकडे असे बघायला लागले
की जीभ चावली मी.

मोतीबिंदू काढल्यापासून, म्हणजे चार वर्षं,
हा माणूस कबड्डी बघतच नव्हता.
जुन्या काचेत, खेळाडूंच्या पायांमधून,
आमचा केशरी बावटा
उलट्या बाजूने बंदरात शिरायचा,
आणि हे म्हणायचे, तांदूळ टाक गो, आला.
मला वाटायचं, इंजिनाचा आवाज ओळखतात.

आता त्यांनी खुर्ची फिरवून घेतलीय,
पाठ टीव्हीकडे, तोंड खिडकीकडे.
अजून चौदा हप्ते आहेत.
पाठीमागे कुणीतरी दम धरून
दुसऱ्याच्या अंगणात शिरतो, लोक ओरडतात,
आबा मान न वळवता विचारतात,
आला का गो तो परत?

मी बघून सांगते.
चित्र खरंच स्वच्छ आहे.