हातचे चार

ताश्कंदला, कुइल्युक बाजाराच्या मागल्या अंगाला
माझं तिकिटांचं दुकान : एक टेबल, एक पंखा,
भिंतीवर बंद पडलेल्या एका विमान कंपनीचं कॅलेंडर.
रिम्मा युगाय दर गुरुवारी येते, तिकीट काढत नाही.
"शव्कत, सोल किती लांब?"
मी दर गुरुवारी तेच सांगतो :
चार हजार नऊशे किलोमीटर, वर थोडे.
जाताना साडेसहा तास.

गाजरं किसून किसून तिची बोटं केशरी झालेली.
त्याच बोटांवर ती हिशोब मांडते :
रात्री दहाला सुटलं की पहाटे साडेचारला पोचेन.
नाही, रिम्मा आपा, साडेआठला. तिथलं घड्याळ पुढे.
हातचे चार धरा.
"हातचे कुठून आणू?" ती म्हणते,
"हातचा एकच होता, तो तिकडे आन्सानला
कारखान्यात गाड्यांचे आरसे बसवतो."

आर्तुर. चेहरा तिथला, जीभ इथली.
बसमध्ये म्हातारी माणसं त्याला पत्ता विचारतात
आणि त्यानं तोंड उघडलं की
आपलंच चुकल्यासारखी पुढे सरकतात.

"आणि येताना?"
येताना साडेसात.
"अंतर तेच ना?"
अंतर तेच. पण वर वारा असतो, पश्चिमेचा.
जाताना पाठीशी, येताना छातीवर.
ते चार तास मात्र परत मिळतात.
तिथून संध्याकाळी सहाला निघालात
तर इथे रात्री साडेनऊला.

ती बराच वेळ पंख्याकडे बघते.

तिची आई सहा वर्षांची होती, सदतीस साली.
समुद्राकाठच्या गावातून सगळ्यांना उचललं
आणि भरलं मालगाडीच्या वाघिणींत.
पोरीनं शालीच्या झालरीला
रोज उजाडताना एक गाठ मारली.
तेहेतीस गाठी. मग झालर संपली,
गाडी संपली नाही.
धाकटा भाऊ कितव्या गाठीला गेला
ते म्हातारपणीही ती बोट ठेवून दाखवायची.
स्टेशनाचं नाव सांगता यायचं नाही.
पाटीच नव्हती, म्हणे.

"तेव्हा वारा कुणाच्या पाठीशी होता, शव्कत?"

माझ्या स्क्रीनवर असा रकाना नाही.
निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, सामान तेवीस किलो.
तिकिटावर किलोमीटरसुद्धा नसतात,
ते मीच तिच्यासाठी शोधून ठेवलेले.

या गुरुवारी तिनं ॲप्रनच्या खिशातून
नोटांची गुंडाळी काढली, लसणाच्या वासाची.
मोजायला मला पंखा बंद करावा लागला.
"खिडकी दे. उत्तरेकडची."
म्हणजे डावीकडची, एकतीस ए.
पण रात्रीचं विमान, आपा, खाली काही दिसायचं नाही,
आणि ते रूळ तर फार वर, सैबेरियात.
"चालेल," ती म्हणाली,
"वाघिणीलाही खिडकी नव्हती."

दारापर्यंत जाऊन परत फिरली.
तेवीस किलोत गाजराची कोशिंबीर किती मावेल?
डबे गळले तर? झाकणांना चिकटपट्टी लावू?
लावा, म्हटलं, दुहेरी लावा,
वर हवा विरळ, झाकणं फुगतात.
ती बोटांवर काहीतरी मोजत उभी राहिली.
मी हातचे सांगायला गेलो नाही.