छाट

बिडी कारखान्यात छाट म्हणजे काय
ते मला अक्षरांच्या आधी कळलं.
हजारातल्या पन्नास-साठ बिड्या
कारकून बोटानं बाजूला सारायचा.
तोंड सैल, पान फाटकं, दोरा ढिला,
काहीही.
त्यांची मजुरी नाही, आणि त्या परतही नाहीत.
अम्मा म्हणायची, छाटसुद्धा विकतात की मेले.

त्याच छाटीविरुद्ध नायना उभा राहिला.
साखर पेठेतल्या आमच्या खोलीत
गुरुवारी रात्री अभ्यासवर्ग भरायचा.
पोत्यांवर बारा माणसं, मागावरून थेट आलेली,
कानांत अजून खडखडाट,
म्हणून सगळे ओरडूनच बोलायचे:
अतिरिक्त मूल्य!
अम्मा चहात पाणी वाढवायची.
नायना सांगायचा, सगळ्यांचं सगळं असेल,
कुणी कुणाचं काही छाटणार नाही.
मी सहा वर्षांची. मला वाटायचं
हे नळाला पाणी यायच्या दिवशी होणार.

आणि काही झालंही, खोटं कशाला बोलू?
छाट शेकड्याला पाचावर आली.
अम्माला कार्ड मिळालं, दवाखाना मिळाला,
फार पुढं ही स्लॅबची खोली.
तिच्यातच बसून लिहितेय.

मल्लेशम दुडम रंगारी होता.
नखं कायम निळी.
एका गुरुवारी त्यानं दोन पुस्तकं आणली,
म्हणजे एकच पुस्तक, जुनी आवृत्ती आणि नवी.
जुन्यातल्या फोटोत पाच माणसं. नव्यात चार.
पाचव्याच्या जागी जिना, जरा जास्तच स्वच्छ.
"हा कुठं गेला?"
कुणीतरी म्हणालं, छपाईची चूक.
मल्लेशम म्हणाला, मी रंगारी हाय,
डाग काढल्यावर कापड कसं दिसतं, मला सांगू नका.

तीन आठवड्यांनी ठराव आला.
त्यात फोटो नव्हता, जिना नव्हता,
शिस्त होती, शत्रूला मदत होती.
हात वर करा.
अम्मा दाराशी सूप घेऊन. तिनं मोजले. अकरा.
नायनाचा सगळ्यांत शेवटी.

सोसायटीतून मल्लेशमचं सूत बंद झालं.
सोसायटी आपलीच होती.
नळावर राजव्वाची घागर
दर वेळी दोन नंबर मागं सरकायची.
आम्हा पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं,
तरी त्यांच्या यादगिरीला आम्ही खेळात घेतलं नाही.
त्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी तापात गेली.
पुरायला चौघं होते. आमच्यातला एकही नाही.
मग एका रात्रीत ते भिवंडीला गेले म्हणे.

तिकडं लांब, बर्फात, किती माणसं छाट झाली
ते आकडे मी पुढं वाचले.
सहा शून्यं, कुठं सात.
शून्यं माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत.
घागर येते.

तिकडचा झेंडा उतरला
तो नायनानं शेजारच्या टीव्हीवर पाहिला.
घरी येऊन विचारलं, भाकरी आहे का?
कडक भाकरी, मोडताना तिचा आवाज झाला.
अम्मा म्हणाली, छाटीत चांगल्याच बिड्या जास्त असायच्या.
तुम्हाला माहीत होतं.
तो जेवत राहिला.

नायना गेल्यावर अभ्यासवर्गाची वही निघाली.
हजेरी. दुडम मल्लेशम, नावावर रेघ,
पण इतकी हलकी की नाव वाचता येतं.
वही उलटी केली तर मागून हिशेब सुरू:
म. दु. सूत, एक बंडल. देणे.
पुढच्या महिन्यात पुन्हा. एक बंडल. देणे.
एकोणतीस वर्षं, एक महिना चुकला नाही.
दिल्याची नोंद कुठंच नाही.

किती झालं? अम्मानं विचारलं.
तीनशे अठ्ठेचाळीस.
तिनं बिडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला.
एवढी कशाला, म्हणाली.
तेव्हाचं एक.