पितळेच्या भावानं

दारूखान्यातून आणला तो, पितळेच्या भावानं, किलोवर.
बाबालाल शिकलगार पंप शोधायला मुंबईला गेला होता,
पंप काही मिळाला नाही.
एसटीच्या टपावर, गोणपाटात बांधून,
कराडमार्गे वाळव्याला आला.
कंडक्टरनं लगेज फाडलं : एक नग.

गळीत हंगामाला चार दिवस होते.
चेअरमन म्हणाले, वाजतो का?
बाबालालनं वाफ सोडली.
पलीकडच्या काठावर, मळीच्या रानात
बैलांनी जू टाकलं, असं अजून सांगतात.
असला आवाज कृष्णेनं ऐकला नव्हता,
पोटातून निघणारा,
कुणीतरी फार लांब चाललंय
आणि तेवढं सांगायला दारात थांबलंय, तसा.

चिंचेनं घासला तेव्हा गळ्यापाशी अक्षरं निघाली.
एबीसीडी नव्हती.
मोडी असेल म्हणून तलाठ्याला दाखवली.
शेवटी मगदूम सरांनी चष्मा पुसला,
गोलाच्या पोटात आडवी रेघ बघितली,
म्हणाले, अरे, हा तर आपला थीटा.
दहावीच्या त्रिकोणमितीतला.
आख्ख्या गावाला त्या भाषेतलं एकच अक्षर ठाऊक
आणि तेही आम्ही कोन म्हणून ओळखत होतो.

सरांनी पत्रं धाडली. दीड वर्षानं
पिरायस बंदरातून उत्तर आलं, निळ्या शाईत.
आगबोटीचं नाव थिआनो.
बांधली ग्लासगोला, तेव्हा वेगळं होतं.
ग्रीकांनी घेतल्यावर बदललं
(ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून
जुनं पुसतात ना, सर वर्गात म्हणाले, तसं).
वर पियानो, आरसे, कुंडीतली झाडं.
खाली माणसं, तेलाचे बुधले,
रुमालाच्या गाठीत बेटावरची माती,
अमेरिकेला.
येताना निम्मी जागा रिकामी.
एकदा समुद्राकाठी एक शहर जळत होतं,
बाराशेच्या बोटीत तिनं चार हजार घेतले.
त्या रात्री भोंगा वाजवला नाही,
कोळसा थोडा होता, वाफ वाचवायची होती.
मग लढाई, करडा रंग, शिपाई.
मग पनामाचं निशाण, तिसरं नाव,
मग स्वयंपाक्याचा पगार थकला,
मग मुंबई.
खाली सही : कोस्तास, तिसऱ्या इंजिनियरचा मुलगा.
ता. क. अजून वाजतो का?

माझा बाप बॉयलरवर. त्यानं सरांना तोंडीच सांगितलं,
आठला, चारला, रात्री बाराला.
चिपाडावर चालतो.
धुराला गोड वास येतो, तेवढं लिहा त्यांना.

समुद्र मी तेराव्या वर्षी पाहिला,
शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला.
सगळ्या मुली ओरडल्या.
मी मात्र वाट बघत उभी राहिले,
काहीतरी राहिलंय वाजायचं, असं वाटून.

पुढं विजेचा सायरन आला.
भोंगा उतरवून स्टोअरमागं टाकला,
साखळ्या, गंजलेले व्हॉल्व्ह यांच्यात.
एकोणीसच्या ऑगस्टात पाणी वजनकाट्यावरून गेलं.
नऊ दिवस आम्ही शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर.
बाप गॅलरीत उकिडवा बसून
कारखान्याच्या दिशेला बघायचा,
जेवायला बोलावलं तरी उठायचा नाही.

पाणी उतरल्यावर घराआधी तिकडं गेला.
होता तिथंच होता, गाळानं गच्च.
बोटं घालून गाळ काढला, हापशावर धुतला,
थीटाच्या रेघेतला चिखल काडीनं कोरला.
मग सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बापानं
त्याला तोंड लावून फुंकलं.
गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या.
नुसता ओला वारा.

मी म्हटलं, आबा, चला, घर धुवायचं पडलंय.
त्यानं पितळेवर हात फिरवला.
म्हणाला, बिघडलेला न्हाई ह्यो.
वाफ वाचवतोय.