पुन्हा नाही

रेइनोने गाडी विकली तेव्हा
खणात नकाशा राहून गेला:
उत्तर मिशिगन, घड्यांवर विरलेलं,
सरकारी कॅम्पग्राउंडांशेजारी त्याचं बारीक पेन्सिलीतलं अक्षर.

"जागा ९. सकाळचं ऊन थेट ओट्यावर."
"उतार. अंडं घरंगळतं."
"पंधरा ऑक्टोबरनंतर नळ बंद, टाकी भरून न्या."
"डास नाहीत, शेजारी आहेत."

लाइल म्हणाला, नऊ नंबर. ऊन आहे, झालं.
मी बोट ठेवलं पार टोकाच्या तळ्यावर,
जिथे फक्त दोन शब्द, खाली दोनदा रेघ:
पुन्हा नाही.

रेइनोला विचारता आलं असतं.
दोन घरं सोडून तर राहतो,
अजून स्वतः लाकडं फोडतो.
विचारलं नाही.

पोचलो तेव्हा मेपल जवळजवळ झडलेले.
पाकिटात पैसे घालून लोखंडी पेटीत सोडले,
खांबाला चिठ्ठी अडकवली.
जमीन सपाट. अंडं जागचं हललं नाही.
रात्रभर तळं गप्प,
लाइल घोरत, मी कारण शोधत.

सकाळी पेन्सिल घेतली.
त्या दोन शब्दांपुढे काय लिहावं सुचेना,
म्हणून नळ बंद असल्याची नोंद केली
आणि नकाशा चुकीच्या घडीवर मिटला.